डिस्कची वाटणी आणि तिची साधने

विंडोज १० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला, आणि ज्यांच्या संगणकाचा प्रोसेसर किंवा सुरक्षा-चिप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही अशा असंख्य विद्यार्थ्यांपुढे, गृहस्थांपुढे आणि लहानसहान कचेऱ्यांपुढे, धडधाकट यंत्र मोडीत काढावे की त्यावर लिनक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली बसवून त्याचे आयुष्य वाढवावे, असा प्रश्न येऊन ठाकला. दुसरा मार्ग पत्करणाऱ्यांपैकी बहुतेकांना विंडोजशी असलेला संबंध एका दिवसात तोडावयाचा नसतो; टॅलीतील जमाखर्च, श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत टंकलेले मराठी दस्तऐवज, अमुक एका प्रिंटरचे ड्रायव्हर अशा कितीतरी गोष्टी तिच्याशीच बांधलेल्या असतात, आणि म्हणून दोन्ही कार्यप्रणाली एकाच डिस्कवर शेजारी शेजारी नांदाव्यात अशी त्यांची स्वाभाविक इच्छा असते. ही इच्छा पुरी करावयाची तर डिस्कची फेरवाटणी करावी लागते, म्हणजे संगणकाच्या दुकानातील बोलीत सांगावयाचे तर नवे पार्टिशन पाडावे लागते. नवी कार्यप्रणाली बसविण्याच्या सगळ्या विधीत मागे फिरण्याची सोय नसलेली पायरी हीच एक होय. भाषा चुकली, कळफलकाची मांडणी चुकली, घड्याळाची वेळ चुकली, तर ते नंतर सावकाश दुरुस्त करता येते. परंतु ज्या पार्टिशनात वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि हिशेब साठलेले आहेत त्यावर चुकीचा हुकूम सुटला, तर तो मागे घेण्याचा अधिकार कोणाकडेच राहत नाही. असे असता या पायरीसाठी साधन कोणते निवडावे, याचा विचार लोक अगदी शेवटी, पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केल्यावर करतात. तो त्याच्या आधी, शांतपणे कसा करावा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम, वाटणी म्हणजे डिस्कवर नेमके काय घडते हे ध्यानात घेतले पाहिजे, कारण त्यावाचून साधनांचे गुणदोष कळत नाहीत. डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या लहान लहान खंडांची एक दीर्घ रांग. यातील प्रत्येक खंडाला सेक्टर म्हणतात, आणि तो परंपरेने ५१२ बाइटांचा असतो. अमुक क्रमांकापासून तमुक क्रमांकापर्यंतचा पट्टा एका हिश्श्याचा, एवढी नोंद म्हणजे पार्टिशन, आणि अशा सर्व नोंदींचे कोष्टक डिस्कच्या आरंभी लिहिलेले असते. हे कोष्टक डिस्कचा सातबारा समजावा: उताऱ्यावर खातेदार आणि क्षेत्र लिहिलेले असते, पण उताऱ्यात फेरफार केल्याने शेताचा बांध आपोआप सरकत नाही आणि उभे पीकही जागचे हलत नाही. पार्टिशनच्या आत कोणती फाइल कोठे आहे याचा हिशेब ठेवणारी जी स्वतंत्र व्यवस्था, म्हणजे विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टीम, तिला कोष्टकातील फेरफाराची वार्ताही नसते. म्हणून भरलेले पार्टिशन लहान करावयाचे म्हणजे दोन कामे करावयाची, आणि ती याच क्रमाने: आधी शेवटच्या भागातील मजकूर अलीकडे आणून फाइल सिस्टीम आकसून घ्यावयाची, आणि मगच कोष्टकातील हद्द अलीकडे आणावयाची. मोठे करताना क्रम नेमका उलटा. ज्या साधनाला पहिले काम येत नाही, केवळ दुसरे येते, त्याच्या हाती भरलेले पार्टिशन देणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे होय.

आरंभीच्या साधनांना हे पहिले काम मुळीच येत नव्हते. आयबीएमने १९८३ साली पीसी एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटांच्या हार्ड डिस्कसह बाजारात आणला, आणि त्याच्यासाठीच्या पीसी डॉस २.० मध्ये एफडिस्क नावाचा प्रोग्रॅम दिला. त्या वेळी ठरलेले कोष्टक डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरात बसविले होते: ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या लहानशा प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट कोष्टकासाठी, आणि शेवटचे दोन बाइट ओळखीच्या शिक्क्यासाठी. ६४ बाइटांत १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. म्हणून प्राथमिक पार्टिशने चारच, आणि पाचवे हवे असल्यास चारांपैकी एकाला विस्तारित ठरवून त्याचे पोटहिस्से पाडावयाचे, ही आडवळणाची तजवीज पुढे कित्येक वर्षे चालली. सेक्टरचा क्रमांक लिहिण्यास ३२ बिटच असल्यामुळे, ५१२ बाइटांच्या सेक्टरांची डिस्क असल्यास सुमारे २.२ टेराबाइटांपलीकडचा प्रदेश या कोष्टकात नोंदविताच येत नाही. एफडिस्क हिस्से पाडी आणि पुसून टाकी. भरलेला हिस्सा लहान करण्याची विद्या त्याच्यापाशी नव्हती, आणि म्हणून वाटणी बदलणे म्हणजे सगळे पुसून नव्याने आरंभ करणे, असाच त्या काळचा रिवाज होता.

नव्वदीच्या दशकात लिनक्स हौशी लोकांच्या संगणकांवर येऊ लागले, आपल्याकडेही पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडींनी ते पुष्कळांच्या घरी पोचविले, आणि ही उणीव तीव्रतेने जाणवू लागली. तेव्हा फिप्स नावाचा एक छोटा मुक्त प्रोग्रॅम प्रचारात होता. त्याची रीत मोठी सरळ होती: डॉसच्या किंवा विंडोजच्या डीफ्रॅगने सर्व फायली पार्टिशनच्या पुढच्या भागात गोळा करून घ्यावयाच्या, आणि मग मोकळ्या राहिलेल्या मागच्या भागाचा फिप्सने स्वतंत्र हिस्सा पाडावयाचा. केवळ फॅट जातीच्या फाइल सिस्टीमपुरतीच ही रीत उपयोगी होती, परंतु भरलेल्या डिस्कची वाटणी मजकूर न गमावता होऊ शकते, हे तिने सामान्य माणसाला दाखवून दिले. त्याच दशकात अमेरिकेतील पॉवरक्वेस्ट कंपनीचे पार्टिशन मॅजिक आले, आणि पडद्यावरील रंगीत पट्टा माऊसने ओढून हद्द सरकविण्याची जी सोय आज आपण गृहीत धरतो ती त्यानेच लोकांच्या अंगवळणी पाडली. २००३ मध्ये ही कंपनी सिमँटेकने विकत घेतली आणि पार्टिशन मॅजिकची वाढ आठव्या आवृत्तीवर खुंटली. तोवर अँड्र्यू क्लाउसेन आणि लेनर्ट बाउटेनहेक यांनी आरंभिलेले ग्नू पार्टेड हे मुक्त साधन उभे राहिले होते, आणि २००४ पासून त्यालाच चित्रमय रूप देणारे जीपार्टेड उपलब्ध झाले. निःशुल्क मिळणाऱ्या साधनांत सर्वाधिक भरवशाचे म्हणून मी आजही त्याचेच नाव घेईन. त्याचा अधिकार कोठे संपतो ते पुढे येईलच.

पार्टिशन मॅजिकची जुनी सीडी कोणाच्या कपाटात अजून असेल, आणि तिच्याविषयी कृतज्ञताही असेल, तरी ती आजच्या संगणकाला लावू नये; कारण मूळ कोष्टकच आता बदलले आहे. इंटेलच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या आणि २००५ पासून यूईएफआय फोरमच्या देखरेखीखाली असलेल्या संकेतांनुसार नव्या संगणकांच्या डिस्कवर जीपीटी नावाचे कोष्टक असते. त्यात साधारणतः १२८ नोंदींची जागा असते, प्रत्येक पार्टिशनला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, मजकुरात बिघाड झाला आहे काय हे ताडून पाहण्यासाठी पडताळ्याचा अंक असतो, आणि कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी राखून ठेवलेली असते. जुन्या साधनाने अशी डिस्क रिकामी समजून तिच्यावर अतिक्रमण करू नये म्हणून पहिल्या सेक्टरात जुन्या धर्तीची एक नोंद मुद्दाम लिहितात, जिच्यामुळे त्या साधनाला सगळी डिस्क कोणा अपरिचिताच्या कबजात असलेली दिसते. दुसरा बदल सेक्टरांचा. २०११ च्या सुमारास उत्पादक ४०९६ बाइटांच्या भौतिक सेक्टरांकडे वळले, आणि जुनी साधने ज्या क्रमांक ६३ च्या सेक्टरापासून पहिले पार्टिशन सुरू करीत तो क्रमांक आठाने भागला जात नसल्यामुळे, पुष्कळ वेळा एका लेखनासाठी यंत्राला दोन खंडांना हात लावावा लागून गती मंदावू लागली. आजची साधने क्रमांक २०४८ च्या सेक्टरापासून, म्हणजे नेमक्या एक मेबिबाइट अंतरावरून, आरंभ करतात.

आज प्रचारात असलेली बहुतेक साधने हे दोन्ही बदल जाणतात, आणि त्यांच्यातील खरा भेद निराळ्याच ठिकाणी आहे. माझ्या मते निवडीचा मुख्य निकष तोच असावा. आपण दिलेला हुकूम साधन केव्हा अंमलात आणते, हा तो निकष होय. लिनक्समधील एफडिस्क, जे नावाने डॉसच्या एफडिस्कशी जुळत असले तरी घडणीने सर्वस्वी वेगळे आहे, आपण सुचविलेले सर्व फेरफार स्मृतीत तहकूब ठेवते आणि डब्ल्यू हे अक्षर टंकून मंजुरी देईपर्यंत डिस्कवर काहीही लिहीत नाही. क्यू टंकून बाहेर पडले तर डिस्क जशीच्या तशी राहते. सीएफडिस्क आणि रॉड स्मिथ यांचे जीडिस्क ही साधनेही याच शिस्तीची. याउलट पार्टेड या आज्ञावलीच्या साधनात ओळ टंकून एंटरची कळ दाबली की फेरफार तत्क्षणी डिस्कवर उतरतो. गंमत नव्हे, तर विचार करण्याजोगी गोष्ट अशी की त्याच पार्टेडच्या पायावर उभारलेल्या जीपार्टेडने मात्र थांबण्याची सोय केली आहे: तेथे प्रत्येक फेरफार खालच्या चौकटीतील प्रलंबित कामांच्या यादीत जाऊन बसतो, शेवटचा रद्द करता येतो, सगळी यादी पुन्हा वाचता येते, आणि अप्लायचे बटण दाबून पुन्हा एकदा होकार दिल्यावाचून एकही काम सुरू होत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये अशी यादी नाही. प्रत्येक काम तेथल्या तेथे उरकले जाते, आणि पार्टिशन पुसण्यापूर्वी एकवार विचारणा होते इतकेच. विंडोजमधीलच डिस्कपार्ट तर त्याहून उग्र: त्यात निवडलेल्या डिस्कला क्लीन ही आज्ञा दिली की कोणतीही विचारणा न होता तिचे कोष्टक नाहीसे होते. कोष्टकात फेरफार करण्याच्या सामर्थ्यात ही साधने एकमेकांना फारशी हार जाणारी नाहीत. परंतु मनुष्य थकलेला असतो, पडद्यावर दोन सारख्या आकाराच्या डिस्का दिसत असतात, आणि बोट घसरते. म्हणून नवख्याने, आणि वस्तुतः जाणकारानेही, भरलेल्या डिस्कसाठी प्रलंबित कामांची यादी दाखविणारे साधनच निवडावे, आणि ती यादी एकदा मोठ्याने वाचावी.

दुसरा निकष याच्या खालोखाल महत्त्वाचा. ज्या फाइल सिस्टीमला आकसावयाचे तिचे अंतरंग साधनाला कितपत ठाऊक आहे? या बाबतीत माझा आग्रह असा की, पहिल्या निकषाला अपवाद करूनही, विंडोजचे पार्टिशन विंडोजकडूनच लहान करून घ्यावे. व्हिस्टापासून डिस्क मॅनेजमेंटमध्ये श्रिंक व्हॉल्यूम ही सोय आहे, आणि एनटीएफएसची घडण ज्या कंपनीने ठरविली तिच्याच हातून ते काम होत असल्याने धोका किमान राहतो. पुष्कळ नव्या लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद केलेली असते, आणि असे पार्टिशन जीपार्टेड लहान करू शकत नाही. विंडोज करू शकते. तत्पूर्वी बिटलॉकरची ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवावी, कारण संगणक सुरू होण्याच्या व्यवस्थेत बदल झाल्याचे दिसताच विंडोज ती मागते, आणि ती नसेल तर आतील मजकुराला मालकही पारखा होतो. या विंडोजच्या सोयीची अडचण एकच. निम्मी डिस्क मोकळी दिसत असूनही ती कधी कधी अगदी थोडी जागा सोडावयास तयार होते, कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टीम रिस्टोअरच्या छायाप्रती अशा काही वस्तू विंडोज चालू असताना जागच्या हलविता येत नाहीत, आणि त्यांच्यातील एखादी पार्टिशनच्या शेवटाकडे बसलेली असते. त्या सोयी तात्पुरत्या बंद कराव्यात, संगणक पुन्हा सुरू करावा, पार्टिशन लहान करावे, आणि मग त्या पूर्ववत चालू कराव्यात. बहुधा एवढ्याने काम भागते.

एवढे करूनही भागले नाही तर जीपार्टेडकडे जावे. त्याची लाइव्ह आवृत्ती पेनड्राइव्हवरून सुरू होते, त्यामुळे संगणकातील डिस्क त्या वेळी कोणाच्याच वापरात नसते आणि चालू विंडोजला न हलविता येणाऱ्या फायलीही हलविता येतात. त्यापूर्वी विंडोज खरोखर बंद झालेली असली पाहिजे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची जी सोय आली तिच्यामुळे शट डाउन केल्यावरही कार्यप्रणालीचा काही भाग डिस्कवर निद्रिस्त अवस्थेत राहतो, आणि अशा अवस्थेत दुसऱ्या कोणी त्या पार्टिशनात फेरफार केला तर जागी झालेली विंडोज जुन्या हिशेबावर विसंबून नव्या मजकुराची नासाडी करते. जीपार्टेड अशा वेळी काम नाकारते. ते नाकारणे हितकारक आहे, आणि बळजबरीचा उपाय शोधू नये. फास्ट स्टार्टअप बंद करावे आणि पुन्हा यावे. पार्टिशन लहान झाल्यानंतर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची तपासणी करते, तीही पुरी होऊ द्यावी.

आणखी एक भेद येथे सांगितला पाहिजे, कारण पडद्यावर तो दिसत नाही. पार्टिशनची उजवी हद्द अलीकडे आणणे हे थोडक्यात होणारे काम आहे. डावी हद्द सरकविणे म्हणजे त्या पार्टिशनमधील सगळा मजकूर उचलून दुसऱ्या ठिकाणी मांडणे होय, आणि माऊसची ओढ दोन्ही वेळा सारखीच असते. डी ड्राइव्हमधून थोडी जागा काढून सी ड्राइव्हला द्यावी, असा साधा वाटणारा बेत केला की हे दुसऱ्या प्रकारचे काम गळ्यात पडते. मोठ्या हार्ड डिस्कवर ते तासन् तास चालते, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा मजकूर जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी, अशी स्थिती होते. जेथे भारनियमन नेहमीचे आहे तेथे डेस्कटॉप संगणकावर यूपीएसवाचून हे काम आरंभूच नये. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जरही लावलेला असावा. माझे स्पष्ट मत असे की लिनक्ससाठी जागा करताना डावी हद्द हलविण्याची गरज बहुधा पडतच नाही, आणि पडत असेल तर बेतच बदलावा. फाइल सिस्टीम जाणणाऱ्या साधनाचा वर सांगितलेला न्याय मॅकवाल्यांना आणि लिनक्स आधीच बसविलेल्यांनाही लागू: एपीएफएस आकसावयाची तर अॅपलच्याच डिस्क युटिलिटीने, ईएक्सटी-४ लहान करावयाची तर पेनड्राइव्हवरून, ती वापरात नसताना, आणि एक्सएफएस लहान करण्याचा विचार सोडून द्यावा, कारण ती मोठी होऊ शकते, लहान होत नाही.

मग नव्या कार्यप्रणालीच्या इन्स्टॉलरमध्ये जे वाटणीचे साधन अंगभूत असते त्याचे काय? उबुंटूचा इन्स्टॉलर विंडोजच्या शेजारी जागा करून देण्याची तयारी दाखवितो, अनेक वितरणांत वापरला जाणारा कॅलामारेस हा इन्स्टॉलरही तेच काम करतो, आणि डेबियनचा इन्स्टॉलर तर मराठीतही चालतो व सर्व फेरफारांची यादी दाखवून शेवटची मंजुरी मागतो. अशा नाजूक क्षणी इशारा मातृभाषेत वाचावयास मिळणे हे मोठेच साहाय्य आहे. तरीही मी या साधनांना मर्यादित मुखत्यारी द्यावी असे म्हणेन. जुने पार्टिशन लहान करण्याचे काम आधीच उरकून डिस्कवर मोकळी, कोणाच्याही नावावर नसलेली जागा सोडावी, संगणक दोनदा सुरू करून विंडोज सुखरूप असल्याची खात्री करून घ्यावी, आणि इन्स्टॉलरला केवळ त्या मोकळ्या जागेतच नवी पार्टिशने पाडावयास सांगावे. संपूर्ण डिस्क पुसून टाकण्याचा पर्याय अनेकदा यादीत अगदी वरच असतो, हे विसरू नये. फॅट जातीचे एक लहान पार्टिशन, विंडोजने बहुधा १०० मेगाबाइटांचे केलेले, डिस्कवर आधीच असते. संगणक सुरू करणाऱ्या फायली त्यातच असतात. दोन्ही कार्यप्रणाली त्याचा सामाईक वापर करू शकतात, म्हणून ते लिनक्सलाही दाखवून द्यावे, पण फॉरमॅट करू देऊ नये.

डिस्क ओळखण्यातही गफलत होते. विंडोज तिला डिस्क ० म्हणते, लिनक्स एसडीए किंवा एनव्हीएमई असे काही नाव देते, आणि पेनड्राइव्ह लावल्याने नावांचा क्रम बदलू शकतो. खोक्यावर ५१२ गिगाबाइट लिहिलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४७६ दिसते, कारण उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. तेव्हा नावावर विसंबून न राहता कंपनी, मॉडेल आणि दोन्ही मापांतील आकार आधी कागदावर लिहून घ्यावेत. साधनांच्या निवडीतील एक गोष्ट राहिली: विंडोजवर चालणारी जी व्यापारी साधने मोफत आवृत्ती देतात त्यांच्याविषयी एवढेच, की हवे असलेले काम मोफत आवृत्तीत खरोखर होते काय हे आरंभीच पाहावे.

चूक झालीच तर? केवळ कोष्टक पुसले गेले असेल तर आतील मजकूर जागच्या जागी असतो, आणि क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे टेस्टडिस्क हे मुक्त साधन डिस्क चाळून हरवलेल्या हद्दी शोधून काढते. त्या क्षणापासून डिस्कवर काहीही लिहू नये, ही त्याची अट. परंतु या आधारावर आज पूर्वीइतके विसंबता येत नाही. एसएसडीवर पार्टिशन फॉरमॅट केले की ती जागा मोकळी झाल्याची वर्दी पुष्कळ साधने डिस्कला ताबडतोब देतात आणि डिस्क स्वतःच आतील मजकूर काढून टाकते. मग शोधावयास काही उरत नाही. म्हणून बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा, त्यातील चार फायली उघडून पाहाव्यात, आणि काम सुरू करण्यापूर्वी ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. लिनक्समधील एसएफडिस्क या साधनाने कोष्टकाची नक्कल साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घेता येते; ती फाइल काही ओळींचीच असते, तीही बॅकअपसोबत ठेवावी.

आणि ज्यांच्या संगणकात दुसरी डिस्क बसविण्याची जागा आहे त्यांना माझा सल्ला निराळा आहे. फेरवाटणीच्या भानगडीत पडूच नये. लहानशी एसएसडी विकत घ्यावी, लिनक्स बसवीत असताना विंडोजची डिस्क काढून ठेवावी, कारण काही इन्स्टॉलर नवी डिस्क निवडूनही संगणक सुरू करणाऱ्या फायली पहिल्याच डिस्कवर नेऊन ठेवतात, आणि काम पुरे झाल्यावर ती पुन्हा जोडावी. कोणती कार्यप्रणाली सुरू करावयाची हे मग संगणकाच्या बूट मेनूतून निवडता येते, आणि जुन्या डिस्कच्या एकाही सेक्टराला हात लागलेला नसतो.